घरच्या इंटरनेटसाठी आवाज न करणारी बॅटरी कशी निवडावी

विहिरीवर पंप बसविण्यापूर्वी जाणता शेतकरी तीन गोष्टी पाहतो : विहिरीत पाणी किती आहे, ते किती उंच चढवावयाचे आहे आणि किती क्षेत्र भिजवावयाचे आहे. ह्या तिन्हींचा मेळ बसला म्हणजे किती अश्वशक्तीचा पंप घ्यावा हे आपोआप ठरते. शेजाऱ्याने साडेसातचा पंप घेतला म्हणून आपणही तोच घेतला तर पुढे तो अंगावर येतो, हे सर्वांस ठाऊक आहे. वीज गेल्यावर घरातील इंटरनेट चालू राहावे म्हणून बॅटरी घ्यावयाची वेळ आली म्हणजे मात्र हा विचार बहुधा बाजूस राहतो. दुकानात जी मोठी पेटी समोर येईल ती घरी आणली जाते. काही दिवसांनी ती रात्री-अपरात्री ओरडू लागते आणि अखेर बटण बंद करून कोपऱ्यात टाकली जाते. पैसा खर्च होतो आणि गरज तशीच राहते.

प्रस्तुत लेखात ही गरज कशी मोजावी, बॅटरीचा आवाज कोठून उत्पन्न होतो, आणि कमी खर्चात शांत व सुरक्षित साधन कसे निवडावे ह्याचे विवेचन केले आहे.

गरज कोणास आहे ?

सातबाराचा उतारा, शासकीय योजनांचे अर्ज, पीकविमा, बाजारभाव व हवामानाचा अंदाज ही सर्व कामे आज इंटरनेटवरून होतात. ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबरची तार नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ साली मंजुरी दिली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. तार गावात आली तरी तिच्या टोकाशी बसविलेली पेटी विजेवरच चालते. ऐन मुदतीच्या दिवशी वीज गेली की तार असून नसल्यासारखी होते.

ह्या विषयाचा अभ्यास करण्यास पुण्याची नारायण पेठ हे योग्य ठिकाण आहे. मुठा नदीच्या काठची ही जुनी वस्ती. लोकमान्य टिळकांचा केसरी वाडा येथेच आहे. शेजारच्या सदाशिव व शनिवार पेठांप्रमाणे ह्या पेठेतही राज्याच्या सर्व भागांतून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले-मुली येऊन राहतात. त्यांतील पुष्कळशी शेतकऱ्यांची असतात. अभ्यासिका, खानावळ आणि खोलीतील एक कॉट एवढ्यावर त्यांचा संसार चालतो, आणि त्याचा खर्च गावाकडील कांद्याच्या, कापसाच्या किंवा दुधाच्या पैशांतून भागविला जातो. घरे दाटीची व भिंती पातळ असल्यामुळे येथे आवाज न करणाऱ्या साधनाची खरी परीक्षा होते. जे साधन येथे चालेल ते खेड्यातील माजघरातही निर्वेधपणे चालेल.

एका खोलीचे उदाहरण

जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावरील एक खोली डोळ्यांसमोर आणावी. खोलीत चार मुले आहेत व चौघांत मिळून एक इंटरनेटची जोडणी आहे. लाकडी फळ्यांच्या आडभिंतीपलीकडे वाड्याच्या मालकीणबाई राहतात. त्यांचे वय झाले आहे व झोप सावध आहे. चौघांतील एकाचे वडील अवर्षणप्रवण तालुक्यात कोरडवाहू शेती करतात. स्वतःच्या परीक्षेच्या अर्जाप्रमाणेच वडिलांचे शेतीविषयक अर्जही हा मुलगा पुण्यातूनच भरतो. वडिलांच्या मोबाइलवर आलेला सांकेतिक आकडा ते फोनवरून वाचून दाखवितात आणि मुलगा तो अर्जात भरतो.

समजा, मुदतीच्या शेवटच्या रात्री पावणेअकरा वाजता वीज गेली. दहा मिनिटांनी ती परत आली खरी, परंतु राउटर पुन्हा सुरू होऊन जोडणी मिळण्यास आणखी तीन-चार मिनिटे लागली. तेवढ्यात सांकेतिक आकड्याची मुदत संपली आणि बापलेकांना सर्व काम पहिल्यापासून करावे लागले. ह्या प्रसंगानंतर चौघांनी वर्गणी करून संगणकासाठी मिळते तशी यूपीएसची पेटी आणली. दुसऱ्याच आठवड्यात रात्री दोन वाजता वीज गेली. दर काही सेकंदांनी पेटी टींऽ टींऽ करू लागली. पलीकडे मालकीणबाई जाग्या झाल्या. खोलीत सकाळी पेपर असलेला मुलगा उठून बसला. दुसऱ्या दिवशी पेटी बंद झाली ती कायमची.

ह्या मुलांची चूक आळसाची नव्हती. त्यांनी गरज न मोजता साधन घेतले, एवढीच ती चूक होती.

गरज प्रत्यक्षात किती असते ?

फायबरची तार ज्या पेटीस जोडलेली असते ती पेटी व वायफाय देणारा राउटर ही साधने घरातील २३० व्होल्टच्या विजेवर थेट चालत नाहीत. भिंतीतील सॉकेटला लावलेला छोटा अ‍ॅडॉप्टर ती वीज उतरवून बहुधा १२ व्होल्टची एकदिश वीज साधनास देतो. काही साधने ९ किंवा ५ व्होल्टवरही चालतात. अशा एका साधनास साधारणतः ५ ते १२ वॅट एवढीच शक्ती पुरते. घरातील एलईडीचा एक दिवा जेवढी वीज घेतो, जवळजवळ तेवढीच ही गरज आहे.

नेमकी गरज काढण्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत अ‍ॅडॉप्टरवरील लेबल वाचण्याची. त्यावर ‘आउटपुट’ ह्या शब्दापुढे व्होल्ट व अँपिअर दिलेले असतात. त्यांचा गुणाकार केला म्हणजे वॅट मिळतात. १२ व्होल्ट व १.५ अँपिअर असे लिहिले असल्यास १८ वॅट होतात. ही अ‍ॅडॉप्टरची कमाल शक्ती होय. राउटरचा प्रत्यक्ष वापर बहुधा तिच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश इतका असतो.

दुसरी रीत वीजमीटरची. ती कोणासही करून पाहता येते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटास किती वेळा लुकलुक होते तो आकडा मीटरवर छापलेला असतो. हा आकडा ३२०० आहे असे धरू. घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून केवळ राउटर चालू ठेवावा व दहा लुकलुकी होण्यास किती मिनिटे लागतात ते घड्याळावर पाहावे. ३२०० लुकलुकींस १००० वॅट-तास, तर दहा लुकलुकींस ३.१२५ वॅट-तास. त्यास वीस मिनिटे लागली तर तासाला सुमारे ९.४ वॅट-तास, म्हणजेच भार साधारण ९ वॅट झाला. इतक्या लहान भारावर हे माप ढोबळ असते, तथापि बॅटरी निवडण्यास ते पुरेसे आहे.

वीज किती वेळ जाते हेही मोजावे. त्यासाठी महिनाभर टिपण ठेवावे : तारीख, वीज गेल्याची वेळ, आल्याची वेळ. शहराच्या मध्यभागी बहुतेक खंड लहान असतात. देखभाल-दुरुस्तीसाठी पूर्वसूचना देऊन काही तास पुरवठा बंद ठेवला जातो तो अपवाद. शेतातील वस्तीवर मात्र शेतीपंपांच्या वाहिनीवरून वीज येत असल्यास ती पाळीने आठ-दहा तासच मिळते, व खंड फार मोठा असतो. दोन्ही ठिकाणी एकच बॅटरी घेणे योग्य होणार नाही.

साठ्याचा हिशेब

बॅटरी म्हणजे विजेचे शेततळे होय. शेततळ्यात किती पाणी मावेल हे केवळ त्याच्या पसाऱ्यावरून सांगता येत नाही. क्षेत्रफळास खोलीने गुणावे लागते. बॅटरीचेही तसेच आहे. अँपिअर-तास हा तिचा पसारा आणि व्होल्ट ही तिची खोली. दोहोंच्या गुणाकाराने वॅट-तास मिळतात व तोच खरा साठा होय.

बाजारात सर्वांत अधिक फसगत ह्याच ठिकाणी होते. राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या पेटीवर ‘१०,००० मिलीअँपिअर-तास’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. ग्राहक त्यास राउटरच्या १२ व्होल्टने गुणतो व १२० वॅट-तासांचा साठा मिळाला असे समजतो. वस्तुतः आतील लिथियम घट ३.७ व्होल्टचे असतात व तो आकडा बहुधा त्यांच्या हिशेबाने दिलेला असतो. १० अँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ३७ वॅट-तास. समजुतीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही हा थोडा कमीच आहे. म्हणून मिलीअँपिअर-तासांचा आकडा बाजूस ठेवून ‘वॅट-तास किती ?’ एवढेच विचारावे. ते पेटीवर दिलेले नसतील तर आत कितीचे किती घट आहेत हे विचारून हिशेब करावा. २६०० मिलीअँपिअर-तासांचे चार घट असल्यास २.६ गुणिले ४ गुणिले ३.७ म्हणजे ३८.५ वॅट-तास होतात.

आता उदाहरणातील खोलीचा हिशेब करू. भार ९ वॅट. अडीच तास इंटरनेट चालावे अशी अपेक्षा. ९ गुणिले २.५ म्हणजे २२.५ वॅट-तास. व्होल्टचा चढउतार करताना काही वीज वाया जाते, आणि जुनी होत जाईल तशी बॅटरीची धारणशक्ती कमी होते. त्यासाठी हा आकडा दीडपट करावा. सुमारे ३४ वॅट-तास होतात. म्हणजे ३७ वॅट-तासांची छोटी पेटी ह्या खोलीस पुरेल. नवी असताना ती तीन तासांहून किंचित अधिक चालेल; दोन-एक वर्षांनी अडीच तासांवर येईल. फायबरची पेटी व राउटर अशी दोन वेगळी साधने असून मिळून भार १५ वॅट असल्यास अडीच तासांसाठी ५६ वॅट-तासांचा साठा पाहावा.

आवाज कोठून येतो ?

यूपीएसच्या आवाजाची चार कारणे आहेत.

(१) इशाऱ्याची घंटी. वीज गेल्याबरोबर संगणकावरील काम आटोपते घ्यावे म्हणून ही सोय असते. राउटरच्या बाबतीत तिचा काही उपयोग नाही. काही पेट्यांत ती बंद करता येते, काहींत येत नाही. हे खरेदीपूर्वीच विचारावे.

(२) ट्रान्सफॉर्मरची घरघर. लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून बारीक गुंजन चालू असते. दिवसा रस्त्याच्या गोंगाटात ते ऐकू येत नाही, रात्री उशाशी मात्र ते जाणवते. स्वस्त यूपीएसमधून बॅटरीवर येणारी वीज शुद्ध लहरीची नसते, त्यामुळे जोडलेली साधनेही कधी गुणगुणू लागतात.

(३) पंखा. मोठ्या शक्तीच्या पेट्यांत आतील उष्णता बाहेर टाकण्यासाठी पंखा असतो. धूळ बसली की त्याचा आवाज वाढतो.

(४) रिलेची टकटक. विजेचा दाब वारंवार कमीजास्त होत असेल तेथे दर वेळी आत ‘टक्’ असा आवाज होतो.

ध्वनिप्रदूषण नियंत्रणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पेट्रोलवर चालणारे छोटे जनित्र दाट वस्तीत ह्या मर्यादेत राहणे अवघड. शिवाय त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू बंदिस्त जागेत प्राणघातक ठरतो. तेव्हा खोलीत, जिन्यात अथवा वाड्याच्या बंद चौकात राउटरसाठी जनित्र लावण्याचा विचारही करू नये.

ह्यांपैकी ट्रान्सफॉर्मरची घरघर व पंखा ह्या दोन कारणांचे मूळ एकच आहे. यूपीएस बॅटरीतील १२ व्होल्टची वीज चढवून २३० व्होल्ट करतो, आणि अ‍ॅडॉप्टर तीच वीज उतरवून पुन्हा १२ व्होल्ट करतो. विहिरीचे पाणी डोंगरावर चढवून विहिरीशेजारच्याच वाफ्यात सोडण्यासारखा हा प्रकार आहे. ह्या चढउतारात वीज वाया जाते, उष्णता निर्माण होते आणि आवाजही होतो. बॅटरीची १२ व्होल्टची वीज थेट राउटरला दिली तर मोठा ट्रान्सफॉर्मर लागत नाही व पंख्याचीही जरुरी राहत नाही.

साधनांचे प्रकार व त्यांची निवड

संगणकाचा यूपीएस : बाजारातील ६०० व्होल्ट-अँपिअरच्या पेटीत बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी असते. कागदावर हा साठा ८४ वॅट-तास, म्हणजे छोट्या पेटीच्या दुपटीहून अधिक. परंतु चढउतारातच त्यातील बराच भाग खर्च होतो, आणि ही बॅटरी वारंवार तळापर्यंत उपसली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. काही पेट्या भार फार लहान असल्यास वीज वाचविण्यासाठी स्वतःच बंद पडतात. शिवाय घरात वीज असतानाही अशी पेटी स्वतःसाठी थोडी वीज घेतच असते. ती ८ वॅट धरली तरी वर्षास ७० युनिटे होतात. घरात टेबलावरचा संगणक असेल तर ह्या साधनास अर्थ आहे; केवळ राउटरसाठी नाही.

राउटरचा छोटा डीसी यूपीएस : ही हाताच्या पंजाएवढी पेटी अ‍ॅडॉप्टर व राउटर ह्यांच्यामध्ये जोडावयाची असते. आत लिथियम घट असतात. पंखा नसतो व बहुधा घंटीही नसते. वीज गेली तरी राउटर क्षणभरही बंद पडत नाही. किंमत साठ्याप्रमाणे साधारण एक ते अडीच हजार रुपये असते. नारायण पेठेतील खोलीसारख्या ठिकाणी हेच साधन सर्वांत योग्य होय.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी : ह्या प्रकारचे घट ३.२ व्होल्टचे असून चार घटांची मिळून १२.८ व्होल्टची बॅटरी होते. ६ अँपिअर-तासांची बॅटरी असल्यास साठा सुमारे ७७ वॅट-तास येतो. उष्णतेत ती साध्या लिथियमपेक्षा अधिक स्थिर राहते व पुष्कळ अधिक वेळा भारता येते. किंमत जास्त पडते. जेथे खंड चार-सहा तासांचा असेल, किंवा लहान सौर पत्र्यावर ती भारावयाची असेल, तेथे वस्तीवरील शेतकऱ्याने हिचा विचार करावा. मात्र बॅटरी व राउटर ह्यांच्यामध्ये १२ व्होल्ट स्थिर ठेवणारे साधन असलेच पाहिजे, कारण भारताना बॅटरीचा दाब १४ व्होल्टपर्यंत चढतो.

घरचा इन्व्हर्टर : खेड्यातील अनेक घरांत दिवे-पंख्यांसाठी इन्व्हर्टर व मोठी ट्यूब्युलर बॅटरी असतेच. तेथे राउटरचे सॉकेट इन्व्हर्टरच्या वायरिंगवर घेतले म्हणजे काम भागते. इन्व्हर्टर बॅटरीवर जाण्यास विलंब लावत असल्यास राउटर दर वेळी पुन्हा सुरू होतो. अशा वेळी इन्व्हर्टरचे बटण ‘यूपीएस’ बाजूस करावे. तेवढ्यानेही न भागल्यास अत्यंत लहान डीसी यूपीएस मध्ये जोडावा.

खरेदीच्या वेळी पाहावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट व्होल्ट जुळण्याची. राउटर १२ व्होल्टचा असताना त्यास ९ व्होल्ट दिल्यास तो नीट चालणार नाही. ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिल्यास तो जळण्याचा संभव आहे. ज्या पेट्यांवर ५, ९ व १२ व्होल्टची वेगवेगळी भोके असतात तेथे वायर लावताना दर वेळी लेबल वाचावे.

दुसरी गोष्ट पिनेची. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गोल पिनांच्या आतील भोकाचा व्यास २.१ किंवा २.५ मिलिमीटर असतो. तो न जुळल्यास पीन सैल बसते व राउटर मधूनच बंद पडतो. पिनेचा मधला भाग धन असल्याची खूण दोन्ही साधनांवर सारखी असावी.

तिसरी गोष्ट अ‍ॅडॉप्टरच्या शक्तीची. छोटा यूपीएस राउटरच्याच अ‍ॅडॉप्टरवर चालत असेल तर त्या अ‍ॅडॉप्टरला राउटर चालविणे व बॅटरी भारणे अशी दोन कामे करावी लागतात. १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर त्यास पुरत नाही. २ अँपिअरचा घ्यावा.

चौथी गोष्ट मानकाची. लिथियम घटांसाठी आयएस १६०४६ व यूपीएससाठी आयएस १६२४२ ही भारतीय मानके आहेत. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी-खूण व क्रमांक लेबलावर पाहावा. निनावी पेटी शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पक्की पावती व बदलून देण्याची लेखी हमी घ्यावी.

घरी आणल्यावर दोन परीक्षा कराव्यात. बॅटरी पूर्ण भरल्यावर भिंतीवरील बटण दहा वेळा बंद-चालू करावे. राउटरचे दिवे एकदाही विझता कामा नयेत. त्यानंतर रात्री दहानंतर बटण बंद करून बॅटरी संपेपर्यंत राउटर चालू द्यावा, किती वेळ चालला ते लिहून ठेवावे, आणि उशीवर डोके ठेवून काही आवाज येतो काय हे पाहावे. दुकानातील गोंगाटात ही परीक्षा होत नाही.

घराबाहेरची कडी

घरातील पेटी चालू राहिली तरी इंटरनेट चालू राहीलच असे नाही. ऑप्टिकल फायबरच्या पुष्कळशा जोडण्यांत केंद्रापासून घरापर्यंतच्या वाटेवर विजेवर चालणारे यंत्र नसते. तेथे केंद्राकडे वीज असली म्हणजे जोडणी जिवंत राहते. काही स्थानिक केबलचालकांच्या जोडणीत मात्र जिन्यात किंवा गल्लीच्या तोंडाशी विजेवर चालणारी पेटी असते. ती बंद पडली की घरातील बॅटरी निरुपयोगी होते.

हे ओळखण्याची रीत सोपी आहे. परिसराची वीज जाईल तेव्हा फायबरच्या पेटीकडे पाहावे. बॅटरीवर असतानाही ‘एलओएस’ हा दिवा लाल झाला तर बाहेरून येणारा प्रकाश बंद पडला असे समजावे. प्रकाश असूनही इंटरनेट येत नसेल तर दोष पुढच्या कडीत आहे. अशा वेळी केबलचालकास त्याच्या पेटीस बॅटरी बसविण्यास सांगावे. बॅटरी विकत घेण्यापूर्वी शेजारी ज्याच्याकडे ती आहे त्याच्या घरी हे पाहून घेतले तर खर्च वाचेल. मोबाइलवरून इंटरनेट घेण्याची सोय अडीअडचणीसाठी हाताशी असावीच.

जागा आणि निगा

नारायण पेठेतील जुने वाडे लाकूड, माती व विटांचे आहेत. अशा ठिकाणी लिथियमची पेटी अंथरुणावर, कपड्यांच्या कपाटात, पुस्तकांच्या ढिगात अथवा माळ्यावर ठेवणे धोक्याचे आहे. ती भिंतीशी, मोकळ्या हवेत, फरशीच्या तुकड्यावर किंवा लोखंडी फळीवर ठेवावी. राउटर तिच्यावर रचू नये. पेटी फुगली, तिला वास आला किंवा हात लावता येणार नाही इतकी ती तापू लागली तर वीज बंद करून ती ताबडतोब वापरातून काढावी. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात बॅटरी ठेवू नये. २५ अंशांवरून तापमान दर ८ ते १० अंशांनी वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्मे होते.

साधन जमिनीपासून उंचावर असावे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटून मुठेच्या पुराचे पाणी नारायण पेठेत शिरले होते. असा प्रसंग विरळा असला तरी नदीकाठच्या घरांत व गावातील ओढ्याकाठच्या घरांत तळमजल्यावरील विजेची साधने कमरेच्या वर बसविणे हा साधा शहाणपणा आहे.

सुगीसाठी किंवा दिवाळीसाठी मुले महिनाभर गावी जातात तेव्हा लिथियमची पेटी साधारण निम्मी भरलेली असताना वायर काढून ठेवावी. शिसे-आम्ल बॅटरी मात्र पूर्ण भरूनच ठेवावी. दर तीन महिन्यांनी एकदा ती किती वेळ चालते हे तपासावे. पहिल्या टिपणापेक्षा वेळ निम्म्यावर आला की बॅटरी बदलण्याची वेळ झाली असे समजावे. जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन करणाऱ्याकडे द्यावयाची असते. शिसे-आम्ल बॅटरीचे तर विक्रेत्याकडून काही पैसेही परत मिळतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावातील कार्यकर्त्याने ह्या विषयाचे प्रात्यक्षिक ग्रामपंचायत कार्यालयात किंवा शाळेत करून दाखवावे. त्यास एक राउटर, एक छोटा डीसी यूपीएस व वीजमीटर एवढे साहित्य पुरते. जमलेल्या शेतकऱ्यांसमोर दहा लुकलुकी मोजून भार काढावा, फळ्यावर वॅट-तासांचा हिशेब मांडावा आणि बटण बंद करून राउटर चालू राहतो हे दाखवावे. अर्जांच्या मुदती जवळ आल्या असताना ग्रामपंचायतीची जोडणी बॅटरीवर किती तास चालते हे कार्यकर्त्यास तोंडपाठ असावे. ज्यांची मुले शहरात शिकत आहेत त्या पालकांनीही हा हिशेब समजून घ्यावा. मुलाने बॅटरीसाठी पैसे मागितले म्हणजे ‘वॅट-तास किती?’ असे त्यांना विचारता येईल.

नारायण पेठेतील त्या खोलीत अशी छोटी पेटी आली तर काय होईल ? रात्री दोन वाजता वीज जाईल आणि कोणास कळणारही नाही. मालकीणबाईंची झोप मोडणार नाही, पेपर असलेला मुलगा जागा होणार नाही. मुदतीच्या रात्री पावणेअकराला वीज गेली तर अंधारात लॅपटॉपच्या उजेडात वडिलांचा अर्ज पुरा होईल व पोच हाती येईल.

सारांश

(१) राउटरवरील लेबल वाचावे अथवा मीटरच्या लुकलुकीवरून भार मोजावा.

(२) वीज किती वेळ जाते ह्याचे महिनाभर टिपण ठेवावे.

(३) वॅट गुणिले तास, त्याच्या दीडपट साठा घ्यावा. मिलीअँपिअर-तासांच्या आकड्यावर भुलू नये.

(४) केवळ राउटरसाठी पंखा, घंटी व मोठा ट्रान्सफॉर्मर नसलेला डीसी यूपीएस घ्यावा.

(५) व्होल्ट, पीन, अ‍ॅडॉप्टर व मानकाची खूण पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

(६) घराबाहेरची कडी आधी तपासावी.

(७) साधन मोकळ्या हवेत व उंचावर ठेवावे. जुनी बॅटरी योग्य ठिकाणी परत करावी.